सूर्य भलत्याच बाजूला उगवलेलं तिकीट

28 ऑक्टोबरला प्रागमध्ये सरकारी सुट्टी असते. 1918 साली या तारखेला चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. तो देश 1993 सालीच चेक आणि स्लोव्हाक असे दोन तुकडे होऊन संपला, तरी चेक लोक त्याचा वाढदिवस पाळतात. पण इथल्या तिकीटवेड्या मंडळींना विचाराल, तर त्यांची तारीख 18 डिसेंबर. नव्या देशाची पहिली टपाल तिकिटं त्या दिवशी निघाली, म्हणून तो इथला तिकीट दिन.

मधले सात आठवडे मजेशीर होते. देश नवा, पण पत्रांवर जुन्या राज्यकर्त्या ऑस्ट्रियाचीच तिकिटं. नोव्हेंबरमध्ये तर नव्या देशाचा कारभार हाती घेतलेल्या राष्ट्रीय समितीची पत्रं प्रागभर पोहोचवायला स्काउटची पोरं धावत होती, आणि त्यांच्या टपालासाठी 10 आणि 20 हालेरची खास तिकिटंही छापली होती. (हालेर म्हणजे क्राउनचा शंभरावा भाग.)

पहिल्या तिकिटाचं चित्र काढलं आल्फोन्स मुखाने. हा मोराव्हिया या चेक प्रांताचा माणूस पॅरिसमध्ये अभिनेत्री सारा बर्नहार्टच्या नाटकांच्या पोस्टरांनी गाजला होता. मायदेशी परतल्यावर त्याने नव्या देशासाठी तिकिटं काढली, नोटाही काढल्या. तिकिटावर ह्राडचानी, म्हणजे प्रागचा किल्ला, भोवती पानाफुलांची वेलबुट्टी, आणि किल्ल्यामागून वर येणारा सूर्य. नवं राष्ट्र, नवी पहाट. अर्थ कुणालाही कळावा.

प्रागकरांना मात्र दुसरंच दिसलं. अहो, तिथे सूर्य उगवतच नाही! उन्हाळ्यात संध्याकाळी चार्ल्स पुलावर उभं राहिलात, तर सूर्य किल्ल्याच्या बाजूला मावळताना दिसतो. म्हणजे नव्या राष्ट्राच्या पहिल्याच तिकिटावर सूर्यास्त? टीका झाली, आणि पुढच्या काही तिकिटांच्या चित्रांतून सूर्य गायब झाला. मला विचाराल तर टीकाकारांनी उगाच कीस काढला. एवढ्याशा कागदावर देश मांडायचा, तर होकायंत्र कशाला घेऊन बसायचं?

दुसरा आक्षेप जास्त खरा वाटतो. नावात 'चेको-स्लोव्हाक' असं मधल्या रेघेसकट लिहिलंय, पण चित्रात सगळं प्रागच. स्लोव्हाकांच्या ब्रातिस्लाव्हा शहरातल्या माणसाने त्यात आपलं काय शोधायचं? टपाल तिकीट रोज हजारो हातांतून फिरतं. त्यावर कोण नाही, हेही रोजच दिसतं.

त्याच किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये मुखाने पुढे रंगीत काचांची मोठी खिडकी केली. पर्यटक तिच्यासमोर गर्दी करतात. तिकिटं मात्र जुन्या वस्तूंच्या दुकानांत पाकिटं भरून पडलेली असतात, कारण ती भरपूर छापली गेली. बरीचशी बिनदातेरी आहेत, म्हणजे फाडण्यासाठी कडेला भोकांची रांग नसलेली. पोस्टातला कारकून कात्रीने कापून द्यायचा. कुणी दातेरी तिकीट 'दुर्मीळ' म्हणून पुढे केलं, तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे काढू नका. त्यातल्या बनावट मालाचा सुळसुळाट आहे. साधं, सूर्यवालं घ्या.