ऐतिहासिक कादंबरीपासून गॅझेटियरपर्यंत : माझ्या वाचनाचा विस्तार

शाळा संपल्यापासून पुढची बरीच वर्षे मी जवळजवळ केवळ ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत आलो. शिवकाल आणि पेशवाई हे दोन कालखंड माझ्या विशेष आवडीचे. त्यांतही थोरले माधवराव आणि पानिपत यांच्यावरचे जे काही वाचनालयात मिळे, ते मी पुन्हा पुन्हा वाचत असे. या आवडीविषयी मला आजही कृतज्ञता वाटते, कारण सहाशे-सातशे पानांचे पुस्तक न कंटाळता शेवटास नेण्याची सवय मला तिनेच लावली. परंतु शेती, आजार, बँका, पाऊसपाणी, जातिव्यवस्था यांविषयी जाणकार मंडळी बोलू लागली की माझ्या इतक्या वर्षांच्या वाचनातले काहीच मला तेथे उपयोगी पडत नसे. आपण बहुश्रुत व्हावे, ही इच्छा मनात धरून मी वाचनाची दिशा ठरवायला बसलो.

प्रत्येक सुशिक्षित माणसाने वाचलीच पाहिजेत अशा पुस्तकांच्या याद्या सहज मिळतात. मी त्या वाटेने गेलो नाही. दुसऱ्याच्या यादीतले पुस्तक दुसऱ्याच्या कुतूहलाचे उत्तर असते, आणि ज्याचा प्रश्न आपल्याला पडलेला नाही त्याचे उत्तर वाचताना मन तेथे टिकत नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे आवडीची कादंबरी न सोडता तिच्यापासूनच निघायचे मी ठरवले. कथा एखादी गोष्ट गृहीत धरून पुढे सरकली की तेथे थांबायचे, प्रश्न वहीत लिहायचा आणि त्याचे उत्तर कादंबरीच्या बाहेर शोधायचे.

पहिला प्रश्न माधवरावांच्या आजाराचा होता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे ते वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, त्यांना ग्रासले, हे वाक्य मी अनेकदा डोळ्यांत पाणी आणून वाचले होते. पण तो रोग शरीरात नेमके काय करतो हे मला सांगता आले नसते. मी मराठी विश्वकोशातील क्षयरोगावरची नोंद काढली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे तयार होऊ लागलेला हा कोश नव्याने वाचायला लागणाऱ्यासाठी फार मोठा आधार आहे, कारण त्यातील एक नोंद दुसरीकडे बोट दाखवते. तरीही पहिल्या वाचनात अर्धी नोंद माझ्या डोक्यावरून गेली. सूक्ष्मजंतू, प्रतिजैविके, प्रतिकारक्षमता हे शब्द परिचयाचे होते, पण त्यांमागची संकल्पना पक्की नव्हती. तेव्हा मी नववी-दहावीची विज्ञानाची पाठ्यपुस्तके आणली आणि ती विद्यार्थ्याप्रमाणे, आकृत्या काढत, वाचली. प्रौढ माणसाने शालेय पुस्तक उघडण्यात कमीपणा मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. नव्या विषयाची परिभाषा इतक्या थोड्या पानांत दुसरे कोणतेही पुस्तक देत नाही. त्यानंतर तीच नोंद मला उलगडली. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले आणि स्ट्रेप्टोमायसीन हे औषध १९४३ साली सापडले, म्हणजे माधवरावांच्या मृत्यूनंतर रोगाचे कारण कळायला ११० वर्षे आणि त्यावर मारा करणारे पहिले प्रभावी प्रतिजैविक मिळायला १७१ वर्षे जावी लागली. पेशव्यांच्या वैद्यांनाच नव्हे, तर त्या काळातल्या युरोपातील कोणत्याही डॉक्टरलाही या रोगापुढे हात टेकावे लागले असते, हे समजल्यावर थेऊरचा तो प्रसंग मला अधिकच हृदयद्रावक वाटला.

पानिपताच्या प्रश्नाने मात्र मला सर्वाधिक काळ गुंतवून ठेवले. फौज उपाशी राहिली, पैसा आला नाही, हे प्रत्येक कादंबरीत असते. पण पुण्याहून दिल्लीपर्यंत पैसा मुळात जात कसा होता? याचे उत्तर शोधण्यासाठी मी वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड हाती घेतला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे आहेत. ही पत्रे वाचणे कादंबरी वाचण्याहून अगदी वेगळे काम आहे. वाक्याचा शेवट सापडत नाही, फारसी शब्दांची दाटी असते आणि पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक असलेली पार्श्वभूमी आपल्याला कोणी सांगत नाही. माधव त्रिंबक पटवर्धन यांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश शेजारी ठेवून मी रोज दोन-तीन पत्रांपेक्षा अधिक वाचत नसे. (कवी माधव जूलियन म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे पटवर्धन, याची माहिती मला तेव्हाच झाली आणि त्यांच्या या परिश्रमांविषयी फार आदर वाटला.)

रसद, कर्ज, हुंडी यांचे उल्लेख मोठ्या लढ्यांच्या वर्णनांइतकेच महत्त्वाचे असतात, हे या वाचनाने मला शिकवले. हुंडीचा व्यवहार समजून घेण्यासाठी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचे बँकव्यवहाराचे पुस्तक मी शेजारच्या विद्यार्थ्याकडून मागून आणले. पुण्यातल्या सावकाराकडे रक्कम भरायची, त्याने उत्तरेतल्या आपल्या पेढीवर किंवा ओळखीच्या पेढीवर कागद लिहून द्यायचा आणि तो कागद तेथे दाखवून पैसे घ्यायचे. दर्शनी हुंडी असेल तर दाखवताच, मुदती असेल तर ठरलेल्या दिवसांनी. आणि या सोयीबद्दल सावकार हुंडणावळ घेणार. हा सारा व्यवहार पत, म्हणजे विश्वास, यावर चालतो. युद्धात कोण जिंकेल याविषयी शंका उत्पन्न झाली, वाटा असुरक्षित झाल्या की पेढ्या हात आखडता घेतात, मग राजाकडे मुलूख असला तरी रोख नसते. हे समजल्यानंतर नकाशा उघडून मी १७६० ची मोहीम पुन्हा पाहिली. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासच्या छताचे रुपे भाऊसाहेबांनी का काढवले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून मराठे व दिल्ली यांच्या मधे आला तेव्हा नेमके काय तुटले, हे मला तेव्हा कोठे नीट दिसू लागले. पानिपताच्या छावणीत यात्रेकरू, बाजारबुणगे, बायकामुले यांचीही तोंडे होती आणि त्या सर्वांना रोज धान्य लागत होते. १४ जानेवारी १७६१ च्या दिवसाविषयी मी पूर्वी जितके भावनेने बोलत असे तितकेच आजही बोलतो, पण आता त्या भावनेला हिशेबाची जोड मिळाली आहे.

या काळात मी एक शिस्त पाळली आणि ती उपयोगी ठरली. वाचनालयातून एका वेळी दोन पुस्तके घ्यायची, एक कादंबरी आणि एक वहीतल्या प्रश्नाचे. अवघड पुस्तक पहाटे, कादंबरी रात्री जेवणानंतर. आमच्या ग्रंथपाल बाईंनी मला दशांश वर्गीकरणाची मांडणी समजावून सांगितली: ३३० च्या कपाटात अर्थशास्त्र, ५०० पासून विज्ञान, ८०० ला साहित्य, ९०० ला इतिहास-भूगोल. “साहेब, तुमचे कार्ड पाहिले तर तुम्ही आठशेच्या बाहेर पाऊल ठेवलेले दिसत नाही,” असे त्या आपुलकीने म्हणाल्या, आणि पुढे प्रत्येक नवे पुस्तक आले की माझ्यासाठी बाजूला काढून ठेवू लागल्या. खेड्यापाड्यांतल्या अशा ग्रंथपालांना समाजाने याहून पुष्कळ अधिक मान द्यायला हवा.

किल्ल्यांच्या वर्णनांतून मी भूशास्त्राकडे वळलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून दख्खनचा कातळ तयार झाला, आणि म्हणूनच सह्याद्रीला आडवे पट्टे व उभे कडे लाभले, एवढे जाणून घेतले तरी राजगडावर उभे राहिल्यावर दिसणारा मुलूख निराळा वाटतो.

काव्याशी माझी ओळख भजनापुरती होती. शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म झाला, हा दिवस मला पाठ होता. त्याच सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, हे मी कादंबरीत ओझरते वाचले होते. तुकाराम महाराजांच्या आत्मचरित्रपर अभंगांत तोच दुष्काळ भोगणाऱ्याच्या तोंडून येतो. द्रव्य आटले, मान गेला, पत्नी अन्न अन्न करत मेली, असे ते सांगतात. देहू आणि शिवनेरी एकाच मुलखात, काळही एकच. एका ठिकाणचा इतिहास मी उत्सवाने वाचला होता आणि दुसऱ्या ठिकाणचा माझ्या घरात रोज म्हटल्या जाणाऱ्या गाथेत होता. तेव्हापासून मी गाथा सलग वाचू लागलो, सार्थ आवृत्ती घेऊन, दिवसाला थोडे अभंग. काव्याला घाई चालत नाही. गद्याच्या वेगाने वाचल्यास हाती काही लागत नाही.

वहीतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रश्न असा होता, की शनिवारवाड्यातले धान्य कोण दळत होते आणि गावाची घाण कोण उचलत होते. कादंबऱ्यांत ही माणसे मशाल धरण्यापुरती येतात. म्हणून मी आत्मकथनांकडे आलो. लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली; ज्या बाईला लिहायला-वाचायला लग्नानंतर नवऱ्याने शिकवले, तिने इतके निर्मळ आणि धीट गद्य लिहावे, याचे मला अतोनात कौतुक वाटते. ताराबाई शिंदे यांचा १८८२ सालचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध त्याआधीच्या पिढीचा, आणि त्यातला संताप आजही ताजा आहे. दया पवार यांचे १९७८ साली आलेले ‘बलुतं’ मात्र मला मधेमधे मिटून ठेवावे लागले. बलुतेदारीविषयी मी इतिहासाच्या पुस्तकांत ग्रामव्यवस्थेचा एक घटक म्हणून शांतपणे वाचले होते. येथे ते बलुते मागायला जाणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले होते. ज्या वाचकाला महाराष्ट्राच्या इतिहासाचा अभिमान आहे, त्याने हे पुस्तक वाचल्याशिवाय राहू नये, असे मी मनापासून म्हणतो.

ऐतिहासिक कादंबऱ्या मी अजूनही वाचतो, आणि पूर्वीपेक्षा अधिक आनंदाने. मात्र लेखकाने कागदपत्रांचा आधार कोठे घेतला आणि कल्पनेने कोठे जागा भरली, हे आता बऱ्याचदा ओळखता येते, आणि कल्पनेने भरलेली जागाच कधीकधी अधिक सुंदर असते, हेही कळते.

सध्या माझ्या वहीत सावकार पुन्हा आला आहे. पेशव्यांना हुंड्या देणाऱ्या सावकारीचे पुढे इंग्रजी अमलात काय झाले, या प्रश्नाने मी महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’पर्यंत आलो आणि तेथून १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या शेतकऱ्यांच्या दंग्यांपर्यंत. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला, युद्ध संपल्यावर तो पडला, शेतसारा मात्र वाढला, कर्ज चढत गेले, आणि शेवटी गावकऱ्यांनी सावकारांकडची खतपत्रे काढून जाळली. त्यावर १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा केला. त्या कायद्याने प्रत्यक्षात कोणाचे किती रक्षण झाले, हे पाहण्यासाठी ग्रंथपाल बाईंनी मला १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे सरकारी माहितीग्रंथाचे, भाग मिळवून दिले आहेत. ते इंग्रजीत आहेत, अक्षर बारीक आहे आणि कोष्टके पुष्कळ आहेत. मी भांडवल आणि कर्जाविषयीच्या प्रकरणापासून सुरुवात केली आहे.