तुम्ही विचारलंत म्हणून: अर्गुंगूत होतं तरी काय?

गोंदियाला परतल्यापासून जो तो हेच विचारतो. नायजेरियातल्या त्या गावात अडीच वर्षं काढलीत, तिथं होतं तरी काय? आणि चांगला पगार सोडून आलात कशाला? विचारणाऱ्याला अपहरणाची गोष्ट हवी असते. माझ्याकडे ती नाही. भीती वाटलीच नाही असं मात्र म्हणणार नाही. अंधार पडल्यावर सोकोटोच्या, म्हणजे शेजारच्या मोठ्या शहराच्या, रस्त्याला आम्ही कधी लागलो नाही.

तिथं धान होतं. अर्गुंगू केब्बी राज्यात आहे. तिथं नदीकाठच्या सखल जमिनीला फदामा म्हणतात. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते आणि पाणी उतरलं की पंप लावून दुसरं पीक निघतं. बियाणं-खत उधार घ्यायचं आणि धान घालून फेडायचं, ही सरकारी योजना 2015 मध्ये केब्बीतच सुरू झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सीमा बंद झाल्या, बाहेरचा तांदूळ अडला आणि तिथल्या तांदळाच्या मिलला धान पुरेना. उकडा तांदूळ काढणारी माणसं हवी होती. मी त्यातलाच.

आणि मासेमारीचा उत्सव होता. सोकोटो आणि केब्बीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. ते मिटवत 1934 मध्ये सोकोटोचा सुलतान अर्गुंगूला आला, तेव्हापासूनचा हा उत्सव. 2016 मध्ये युनेस्कोने त्याला वारसा मानलं. उत्सव भरतो तो मातान फादा नदीचा पट्टा एरवी मासेमारीला बंद असतो, त्यावर सार्किन रुवाची, म्हणजे पाण्याच्या मुखियाची, राखण असते. दहाएक वर्षांच्या खंडानंतर मार्च 2020 मध्ये उत्सव भरला, तो मी पाहिला. इशारा झाला आणि हातात जाळं, छातीशी मोठा तुंबा, म्हणजे पोकळ भोपळा, धरून हजारो माणसं एकदम पाण्यात उतरली. त्या वर्षीचा सर्वांत मोठा मासा 78 किलोचा. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला काठावर आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं, त्याचा मुलगा पाण्यात होता. मी त्यांना बाबा म्हणायचो. तिथल्या हौसा भाषेतही बाबाच म्हणतात.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता पूर आला. उभी धानं गेली. बाबा वाचलेलं कापून, मोटरसायकलवर तीन पोती बांधून आमच्या फाटकाशी आले. ओलावा तपासायचं काम माझं. आमची हद्द 14 टक्के, मीटरवर 22 आले. सवयीने दाणा दाताखाली धरला. तो फुटला नाही, दबला. पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत धान गरम झालेलं, आणि बोटांना कोंब लागले. मी नकारार्थी मान हलवली. बाबांनी वाद घातला नाही. ‘साइ हाकुरी’ म्हणाले. धीर धरायचा, दुसरं काय. हे मला म्हणाले की स्वतःला, अजून कळलेलं नाही. पोती पुन्हा बांधताना त्यांना गाठ जमेना, आणि मी दुसऱ्याच्या धानाला मीटर लावत होतो.

तुम्ही म्हणाल, असलं धान घेऊन मिल कशी चालेल? बरोबर आहे. धान भिजवायच्या टाकीत पडतं तर सगळा माल वासाला लागला असता. त्या दिवशी मीही स्वतःला हेच सांगितलं. पण आवारात सिमेंटचं खळं रिकामं होतं. दोन दिवस पसरू द्या, जे सुकेल ते कमी भावाने घ्या, एवढं मॅनेजरला विचारता आलं असतं. नाही म्हणाले असते, बहुतेक. पण मी विचारलंच नाही. मी परका, माझी नोकरी, माझा व्हिसा... ही कारणं तेव्हा खरी वाटली. आजही खोटी वाटत नाहीत, हाच त्रास आहे.

पुढच्या वर्षी करार वाढवून देत होते, मी घेतला नाही. कुणाला कोविड सांगितला, कुणाला आईची तब्येत. दोन्ही खरंच होतं.

गेल्या हंगामात इथल्या मिलवर अवकाळीत भिजलेलं धान आलं. मी पसरू दिलं. मालक रागावले, ऐकून घेतलं. बाबांच्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. बाबांचं ते बियाणं-खताचं कर्ज फिटलं का, विचारायला अजून फोन लावलेला नाही.