दोन पैसे, १९४८

सातवीत होतो. आजीने फडताळातल्या डब्यातून तांब्याचं एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "महाराजांच्या वेळचं आहे, हरवू नकोस," एवढंच म्हणाली. एका बाजूला तलवार आणि घोड्याचा खूर, भोवती सयाजीरावांचं नाव. दुसऱ्या बाजूला 'दोन पैसे' आणि खाली १९४८.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पंचांग शकाचं. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल येतं, हे मला पाठ होतं. मिळवले, तर आलं २०२६! नाणं खोटं, असं ठरवून मी ते शाळेत नेलं आणि मधल्या सुट्टीत इतिहासाच्या सरांपुढे ठेवलं.

सरांनी लगेच काही सांगितलं नाही. नाण्यावर पातळ कागद ठेवला, बोटाने घट्ट धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी वेलबुट्टीची किनार हळूहळू कागदावर उमटली. मग त्यांनी विचारलं, "आपल्या बडोद्यात नवं वर्ष कधी लागतं?"

"पाडव्याला."

"कुठल्या पाडव्याला?"

मी गप्प झालो. आमच्या दारात चैत्रात गुढी उभी राहायची आणि समोरच्या गुजराती घरात दिवाळीनंतर 'साल मुबारक' व्हायचं. नाण्यावरचं साल त्या समोरच्या घरचं, म्हणजे विक्रम संवत होतं! दिवाळीपासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे, पुढे ५६. अक्षरं मराठी, 'दोन' हा शब्द मराठी आणि साल गुजराती दिवाळीचं. आमचं अख्खं गाव त्या तांब्याच्या चकतीवर होतं. त्या दिवसापासून मी नाण्यांच्या छंदाला लागलो, तो आजपर्यंत.

पुढे सरांनी बडोदा संस्थानाचा जुना बाबाशाही रुपया दाखवला. सगळा मजकूर फारसी, मोगल बादशहाच्या नावाचा आणि त्यातच गायकवाडांचं नागरी आद्याक्षर. राज्य कुणाचं आणि नाव कुणाचं, हे मला पुस्तकापेक्षा त्या रुपयाने जास्त नीट समजावलं. कामाटीबागेतल्या म्युझियममध्येही ते आम्हाला घेऊन गेले. तिथे नाण्यांच्या कपाटापुढून आम्ही हलायला तयार नव्हतो.

एक चूक मात्र आजही सलते. मांडवीजवळ मिळालेला एक जुना ढब्बू पैसा, म्हणजे तांब्याचं जाड नाणं, मी चिंच-मीठ लावून लख्ख घासला आणि मोठ्या अभिमानाने सरांना दाखवायला नेला. शंभर वर्षांत चढलेला तपकिरी थर आणि त्यासोबत अक्षरांच्या कडाही गेल्या होत्या. सर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आता हा वाचता येणार नाही रे." नाणं घासायचं नाही, कडेने धरायचं आणि कागदाच्या कोऱ्या पाकिटात ठेवायचं, हे मी आज प्रत्येक नव्या मुलाला पहिल्यांदा सांगतो.

नोटा वाचायलाही त्यांनीच शिकवलं. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवांची सही असते आणि 'धारकाला देण्याचं वचन' नसतं. त्या नोटेवर रुपयाच्या नाण्याचं चित्र असतं, त्यावरचं सालही बघायचं. नोटांवर भाषांची जी पट्टी असते, तिच्यात वर गुजराती आणि खाली मराठी शोधायला आम्हा मुलांना फार आवडायचं.

सर आता नाहीत. तो पेन्सिलचा ठसा माझ्याजवळ आहे. कागद पिवळा पडला आहे, पण कडेला त्यांच्या अक्षरातलं 'दिवाळीआधी की नंतर?' स्पष्ट वाचता येतं. नाण्याच्या पाकिटावर मी अजूनही १८९१-९२ अशी दोन्ही सालं लिहितो.