शंभर वॅटचं स्टेशन

चर्चचं रेडिओ स्टेशन म्हटलं की दिवसभर प्रवचनंच असणार असं वाटतं, आणि बरीचशी असतातच, पण मी ऐकतो ते मधल्या सूचनांसाठी. इकडे अमेरिकेत अशी छोटी छोटी स्टेशनं पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच चर्चच चालवतात. सरकारने २००० साली लो पॉवर एफएम नावाचा प्रकार काढला, पॉवर जास्तीत जास्त १०० वॅट, म्हणजे आपल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी, आणि तेवढ्यावर आवाज जातो जेमतेम साडेपाच किलोमीटर. मोठ्या एफएमवाल्यांना १ लाख वॅटपर्यंत परवानगी मिळते, त्यामुळे गाडी जरा गावाबाहेर पडली की पाळकांचं वाक्य अर्धवटच राहतं आणि मधेच कुठलंतरी कंट्री म्युझिक घुसतं.

पण त्या साडेपाच किलोमीटरात काय काय चालतं! अमक्या आजींचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा. बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण आहे, येताना एकेक पदार्थ करून आणा. कुणाचंतरी कुत्रं हरवलंय, तपकिरी आहे, एका कानावर पांढरा डाग. वाचणारे काका रिटायर्ड असावेत, कागद उलटल्याचा आवाज येतो, मग बहुतेक चष्मा शोधत असतात म्हणून गप्प होतात, आणि मोठ्या स्टेशनवर एवढा वेळ शांतता झाली असती तर कुणाचीतरी नोकरी गेली असती, इथे मुळात नोकरीच नाही, सगळा हौसेचा मामला.

जाहिरातींची तर वेगळीच गंमत. लायसन्स नॉन-कमर्शियल, त्यामुळे जाहिरात करायची नाही, पण पैसे देणाऱ्याचे आभार मानलेले चालतात. म्हणजे अमुक हार्डवेअरच्या दुकानाने मदत केली, ते अमुक रस्त्यावर आहे, इथपर्यंत ठीक, ‘या, स्वस्तात घेऊन जा’ म्हटलं की नियम मोडला. पत्ता वाचून झाल्यावर काका किंचित थांबतात ना, तेव्हा मला वाटतं ‘एकदा जाऊन बघाच’ अगदी ओठांवर आलं होतं.

रात्री स्टुडिओत कुणी नसतं, कॉम्प्युटरच भक्तिगीतं लावत बसतो आणि तासातासाला स्टेशनचं सांकेतिक नाव आणि गावाचं नाव सांगतो, कारण तोही नियमच आहे, ऐकायला कुणी जागं असो नसो.

रविवारी मात्र उपासना लाइव्ह. ज्यांना आता घराबाहेर पडणं होत नाही त्यांच्यासाठी हीच खरी सोय, आणि ही पद्धत रेडिओएवढीच जुनी म्हणायला हरकत नाही. पिट्सबर्गचं केडीकेए, म्हणजे अगदी सुरुवातीच्या रेडिओ स्टेशनांपैकी एक, सुरू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा २ जानेवारी १९२१ ला त्यांनी तिथल्या कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधली उपासना प्रसारित केली. मशीन सांभाळायला दोन इंजिनियर, त्यातला एक कॅथलिक आणि एक ज्यू, आणि मंडळींचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून दोघांना चक्क गायकवृंदाचे झगे घालून बसवलं होतं! मला हा किस्सा फार आवडतो.

आमच्या इथल्या चर्चमध्ये आवाजाच्या मिक्सरवर शाळकरी पोरगा असतो, झगा वगैरे काही नाही, हूडी घालून येतो. हुशार आहे, पण माइक दर रविवारी उशिराच चालू करतो, त्यामुळे पहिल्या गीताचा मुखडा रेडिओवर कधी ऐकूच येत नाही.