सोसायटीच्या एसटीपीला हवा किती द्यायची?

पुण्यात वाकड, बाणेर, हिंजवडीकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत पार्किंगच्या मागच्या बाजूला गेलात की एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची घरघर ऐकू येते, ती रात्री दोनलाही तेवढीच आणि सकाळी आठलाही तेवढीच. आणि माझं सगळं म्हणणं ह्या 'तेवढीच'वर आहे. सकाळी सहा ते दहा अख्खी सोसायटी आंघोळ, भांडी, वॉशिंग मशीन करते, मध्यरात्रीनंतर जवळपास काहीच येत नाही, मग टाकीतल्या घाण खाणाऱ्या बॅक्टेरियांना चोवीस तास सारखीच हवा कशाला?

आता थोडा हिशोब. १०० केएलडीचा (दिवसाला १०० हजार लिटरचा) प्लांट धरा, येणाऱ्या पाण्याचा बीओडी, म्हणजे बॅक्टेरिया खातात त्या घाणीचं माप, लिटरला २५० मिलिग्रॅम धरला तर दिवसाला २५ किलो बीओडी आला. तो खायला आणि सोबतच्या अमोनियाचं नायट्रेट करायला मिळून साधारण ५० किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो. साडेसात एचपीचा ब्लोअर पूर्ण लोडवर चोवीस तास चालला तर दिवसाला १३० च्या आसपास युनिट, म्हणजे महिन्याला ४,००० च्या घरात. प्लांटच्या एकूण विजेतली निम्मी किंवा त्याहून जास्त वीज हवेतच जाते, आणि कमिटी मीटिंगमध्ये मात्र चर्चा होते ती जिन्यातल्या एलईडी दिव्यांची!

बरं, जास्त हवा दिल्याने नुसती वीज जाते असंही नाही. रात्रभर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरला ५-६ मिलिग्रॅमवर राहिला की गाळाचे, म्हणजे बॅक्टेरियांचेच, गुठळे फुटतात, बारीक कण वर तरंगत राहतात आणि पाणी गढूळ दिसतं. शिवाय १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना ७ ग्रॅमच्या वर अल्कलिनिटी (पीएच सांभाळून धरणारा पाण्यातला क्षार) खर्च होते, आणि खडकवासल्याचं पाणी मुळात मऊ, त्यामुळे पीएच घसरायला वेळ लागत नाही. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांमध्ये हा त्रास बराच कमी दिसतो. तयार झालेलं नायट्रेट मग सेटलिंग टाकीत (हवा न देता गाळ बसू देतात ती) नायट्रोजन वायू होऊन बुडबुड्यांच्या रूपात सुटतं आणि बसलेला गाळ वर घेऊन येतं. हे बघायचं असेल तर एक लिटरच्या जारमध्ये एरेशन टाकीतलं (हवा देतात त्या टाकीतलं) पाणी भरून ठेवा. अर्ध्या तासात गाळ छान खाली बसतो, वर स्वच्छ पाणी, सगळे खूश, आणि तोच जार तसाच ठेवून तास-दीड तासाने परत बघितला तर गाळाच्या थरात बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात आणि अख्खा थर वर सरकायला लागलेला असतो. ऑपरेटर म्हणतो गाळ खराब झाला, पण गाळ चांगलाच आहे, त्याला मधूनमधून हवा बंद करून नायट्रेट (त्यातला ऑक्सिजन) खायला वेळ दिलेला नाही. तो वेळ दिला तर दर ग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनमागे २.८६ ग्रॅम ऑक्सिजन परत वसूल होतो आणि अल्कलिनिटीही निम्मी परत येते.

हवा बंद केली की बॅक्टेरिया मरतील ही भीती सगळ्यांच्या मनात घट्ट बसलीय. पण १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट ह्या संशोधकांनी गाळाला हवा देऊन पाणी शुद्ध करायची ही पद्धत जगासमोर मांडली तेव्हा ते एकाच भांड्यात हवा द्यायचे, मग बंद करून गाळ बसू द्यायचे, वरचं पाणी काढायचे आणि नवीन भरायचे. तासभर हवा नसल्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते लाइट जाऊन कित्येक तास बंद राहिलं तर.

मग ऑटोमॅटिक करायचं म्हणजे काय? विकणारे लोक सांगतात डीओ मोजणारा प्रोब लावा, मोटरचा स्पीड बदलणारा व्हीएफडी लावा, सेटपॉइंट (डीओ किती ठेवायचा तो आकडा) २ ठेवा, झालं. वरून सांगतात स्पीड २० टक्के कमी केला की वीज निम्मी. तो घनाचा नियम (वीज स्पीडच्या घनाच्या प्रमाणात घटते) सेंट्रिफ्युगल फॅनचा आहे हो! आपल्याकडे बसतो तो ट्विन लोब (दोन फिरत्या लोबनी हवा ढकलणारा ब्लोअर), त्याच्यावर प्रेशर टाकीतल्या पाण्याच्या उंचीचं, ते बदलत नाही, म्हणून वीज साधारण स्पीडच्याच प्रमाणात कमी होते. २० टक्के स्पीड कमी तर २० टक्क्यांच्या आसपास वीज कमी. तेही खूप आहे, पण खरं सांगून विका. आणि २५-३० हर्ट्झच्या खाली नेऊ नका, हवा ब्लोअरमध्येच मागे गळून गरम होते, मोटरचा पंखाही हळू फिरतो.

सगळ्यात नाजूक भाग प्रोबचा. आठवडाभर टाकीत राहिला की टोकावर करडा, बुळबुळीत थर चढतो आणि त्या थरातले जीव तिथल्या तिथे ऑक्सिजन खातात. डिस्प्लेवर ०.६ दिसतं, कंट्रोलर बिचारा ब्लोअर फुल करतो, मऊ फडक्याने टोक पुसून परत सोडला की थोड्या वेळात आकडा २ च्या वर. म्हणजे वीज वाचवायला बसवलेली वस्तूच वीज जाळत होती. म्हणून प्रोब घेताना ऑप्टिकल घ्या, डिफ्यूझरच्या (टाकीच्या तळाशी हवा बारीक करून सोडणाऱ्या भागाच्या) बुडबुड्यांच्या थेट वर टांगू नका, आणि आठवड्याला पुसायचं काम एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर लिहून घ्या, ऑपरेटरदादांना पाच मिनिटं लागतात.

एवढं बजेट नसेल तर टायमरपासून सुरुवात करा. रात्री एक तास चालू, एक तास बंद, सकाळच्या लोडला सलग चालू, आणि पहिले काही दिवस प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया तपासत वेळा हलवा. बंद काळ फार लांबवू नका, गाळ डिफ्यूझरवर बसतो. इक्वलायझेशन टाकीची (येणारं सांडपाणी आधी साठवतात ती) हवा त्याच ब्लोअरवर असेल तर तिथे वास सुटतोय का तेही बघा. एमबीबीआर (बॅक्टेरिया प्लास्टिकच्या तुकड्यांवर, म्हणजे मीडियावर, वाढवतात तो प्लांट) असेल तर मात्र हे सगळं जसंच्या तसं उचलू नका, तिथे मीडिया फिरत राहायला हवा आणि डीओही ३-४ लागतो.

सध्या मी एका बॅच प्लांटवर (एकाच टाकीत भरायचं, हवा द्यायची, गाळ बसवून पाणी काढायचं) पीएच प्रोबने हवा बंद करून बघतोय. अमोनिया असेपर्यंत पीएच उतरत जातो, तो संपला की वर वळतो, आणि त्या वळणावर ब्लोअर थांबवायचा. हा प्रोब डीओच्या ऑप्टिकलपेक्षा बराच स्वस्त पडतो. मऊ पाण्यात वळण स्पष्ट दिसतं, अल्कलिनिटी जास्त असलेल्या पाण्यात ते पसरट होतं आणि कंट्रोलरला पकडता येत नाही, तिथे अजून टायमरच ठेवलाय. कोणी असं करून बघितलं असेल तर ग्राफ पाठवा.