बीगलचा लॉग, भाग 4 : पहिला थर पूर्ण, आणि उपटलेल्या सात पट्ट्या

बीगल जहाजाच्या लाकडी मॉडेलवर पहिल्या थराची शेवटची पट्टी काल रात्री बसली. डावी बाजू, किलपासून (जहाजाच्या तळाचा कणा) तिसरी ओळ. मधोमध चार मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या फटीत ती अंगठ्याने दाबत दाबत नेली, शेवटी हलकंसं 'टक्' झालं आणि मग ती वर आलीच नाही. या एका थराला 61 तास लागले. मागचा भाग लिहिला तेव्हा मी चाळीस धरले होते. वरचे एकवीस कुठे गेले ते सांगायलाच आज बसले आहे, कारण तुमच्यापैकी दोघी-तिघांचं किट याच टप्प्यावर आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: एच.एम.एस. बीगल, डार्विनचं जहाज, 1:60 प्रमाण, दोन थरांचं प्लँकिंग, म्हणजे सांगाड्यावर लाकडी पट्ट्या बसवणं. खरं जहाज 90 फूट 3 इंच लांब आणि 24 फूट 6 इंच रुंद, म्हणजे माझ्या टेबलावर अंग साधारण 46 सेंटिमीटर लांब आणि साडेबारा सेंटिमीटर रुंद. वूलिचच्या गोदीतून ते 11 मे 1820 रोजी पाण्यात उतरलं. मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पहिलं मोठं किट कुठलं घ्यायचं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आता पट्ट्या. लाइमवुडच्या, 5 मिमी रुंद, दीड मिमी जाड. सगळीकडे सल्ला मिळतो की पहिला थर दुसऱ्याखाली झाकला जाणार, तेव्हा तो कसाही बसवा, भेगा भरा आणि घासून टाका. हा सल्ला मला पटत नाही, आणि आता तर मुळीच नाही. दुसरा थर इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक उंचवटा त्यातून जसाच्या तसा वर येतो.

सुरुवात मी नीट केली होती. कागदाची अरुंद पट्टी प्रत्येक बल्कहेडच्या (सांगाड्यातली प्लायची आडवी फळी) कडेवर डेकपासून किलपर्यंत ठेवून लांबी मोजली. मध्यावर 105 मिमी आली, म्हणजे 5 मिमीच्या बरोबर 21 ओळी. नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाजवळच्या, पहिल्या बल्कहेडवर तीच लांबी 62 मिमी. 62 भागिले 21, तर प्रत्येक पट्टी तिथे 2.95 मिमीपर्यंत निमुळती करायची. निम्म्यापेक्षा, म्हणजे अडीच मिमीपेक्षा कमी करायची नाही हा नियम, कारण त्याखाली पट्टी वाकवताना चिरते; आपण त्याच्या आत बसलो. मागच्या टोकाला उलटा प्रकार: 118 मिमी, 21 ओळींत मावत नाही. तिथे दोन पाचरी घालाव्या लागल्या, मागच्या बाजूला रुंद आणि पुढे टोकदार. हा सगळा हिशोब प्रत्येक बल्कहेडच्या कडेवर पेन्सिलीच्या खुणा करून आधीच मांडून ठेवला. यात एक रविवार गेला. तो एक रविवार तुम्हीही घालवाच.

चूक त्याच्याही आधी झाली होती. पट्टी नाळेकडे वळते तेव्हा ती बल्कहेडच्या फक्त कडेला न टेकता पूर्ण जाडीवर टेकली पाहिजे. त्यासाठी पुढच्या तीन-चार बल्कहेडच्या कडा कानशीने उतरत्या घासाव्या लागतात. डावी बाजू मी मन लावून घासली. उजवी बाजू रात्री उशिरा केली आणि दुसऱ्या बल्कहेडवर हात आखडता घेतला. पाच पट्ट्या चिकटवून झाल्यावर तिथे फुगवटा दिसायला लागला. पुढे घासून काढू म्हणून आणखी दोन चिकटवल्या. मग 120 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले, तर फुगवट्यावर पट्टी कागदासारखी पातळ झाली आणि खालचं प्लाय दिसायला लागलं.

बाबा पॅटर्नमेकर होते. कोल्हापूरला फाउंड्रीत बत्तीस वर्षं लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, घडवले. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं म्हणून त्यांची मोजपट्टीसुद्धा आपल्यापेक्षा किंचित मोठ्या इंचांची असायची. ते तोपर्यंत काही बोलत नव्हते. त्या दिवशी त्यांनी एक कोरी पट्टी उचलली, उजव्या बाजूच्या उघड्या बल्कहेडवर हलकेच धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं.

"हे बघ गं. इथे कडेलाच टेकतेय. आत उजेड दिसतोय ना?"

दिसत होता. पट्टी आणि प्लायच्या मध्ये केसाएवढा उजेड.

"मग चिकटवतेस कशाला? आधी तो उजेड घालव."

सातही पट्ट्या काढल्या. फेविकॉलने चिकटवलेलं लाकूड सोडवायचं असेल तर केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ब्रशने सांध्यावर भरपूर लावा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा, मग कटरचं पातं हळूच आत सरकवा. फेविकॉल रबरासारखा मऊ होऊन सुटतो आणि बल्कहेडचं प्लाय शाबूत राहतं. इन्स्टंट ग्लूने चिकटवलेल्या दोन जागा अशा सुटल्या नाहीत, तिथे प्लायचे पापुद्रे निघाले. ते लाकडाचा भुसा आणि फेविकॉलच्या लगद्याने भरून घेतले. मग बाबांच्या पद्धतीने प्रत्येक बल्कहेडवर कोरी पट्टी धरायची, टेबललॅम्प पलीकडे ठेवायचा, उजेड दिसला तिथे कानस चालवायची. आठ तास. या वेळी पट्ट्या बसल्या तेव्हा घासायला जवळजवळ काही उरलंच नाही.

बाकीचा वेळ पावसाने खाल्ला. पट्टी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवायची, वाकवायची, साच्यावर चिमटे लावून सुकवायची, हे काम एप्रिलमध्ये एका रात्रीत होत होतं. जुलैत ठाण्यात दुसऱ्या रात्रीही पट्टी हाताला गार लागते. गार लागते म्हणजे आत ओल आहे. तशीच चिकटवली तर नंतर ती रुंदीत आकसते आणि सांध्यात फट पडते. डाव्या बाजूच्या चौथ्या आणि पाचव्या ओळीत मला ती दिसली. शेवटी एका लाकडी खोक्यात 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून त्यात पट्ट्या सुकवल्या. आणि एक डावी, एक उजवी असंच चिकटवत गेले. एका बाजूच्या चार-पाच ओळी सलग लावल्या तर सगळा सांगाडा त्या बाजूला पिळला जातो.

आता दुसऱ्या थराबद्दल, कारण इथे बीगलची गोष्ट आणि मॉडेलचं काम एकमेकांत बसतं. चेरोकी वर्गाची ही जहाजं इंग्रजांच्या नौदलाने शंभरावर मागवली होती आणि खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत, इतकी त्यांतली बुडाली. खोलगट डेकवर लाट चढली की पाणी लवकर उतरत नसे. 1825 मध्ये बीगलला तिसरी, मागची डोलकाठी मिळाली. मग 1831 मध्ये डेव्हनपोर्टच्या गोदीतल्या दुरुस्तीत कॅप्टन फिट्झरॉयने वरचा डेक मागे 8 इंच आणि पुढे 12 इंच उचलून घेतला. 1:60 मध्ये ते 12 इंच म्हणजे 5 मिलिमीटर. माझ्या एका पट्टीची रुंदी. एवढ्याने आतल्या माणसांना डोकं वर करायला जागा झाली आणि डेक लवकर कोरडा व्हायला लागला. त्याच दुरुस्तीत पाण्याखालच्या भागावर दोन इंच जाड फरच्या फळ्यांचा जादा थर ठोकला, त्यावर फेल्ट आणि फेल्टवर नवं तांबं. दोन इंच म्हणजे माझ्याकडे 0.85 मिमी. म्हणजे दुसरा थर लावताना, निदान पाण्याखाली तरी, मी डेव्हनपोर्टच्या सुतारांनी केलं तेच काम करणार आहे.

तांब्याचे पत्रे तेव्हा साधारण 4 फूट बाय 14 इंचांचे असत. इथे 20 मिमी बाय 6 मिमी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची सहा मिमीची चिकट तांब्याची टेप अगदी त्याच रुंदीची मिळते, ती वीस मिमीवर कापत जायची. एका बाजूला अंदाजे 270 तुकडे लागतील. खिळ्यांचे ठसे उमटवायचे नाहीत असं मी ठरवलंय, या प्रमाणात ते खिळे न वाटता फोड वाटतात. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहा, फोटोसकट.

मधल्या काळात एक छोटं काम उरकलं: मागची केबिन. साधारण 10 फूट बाय 11 फुटांच्या त्या खोलीत नकाशांचं मोठं टेबल होतं, मागची डोलकाठी खोलीतूनच खाली जात होती आणि 1831 च्या डिसेंबरपासून 1836 च्या ऑक्टोबरपर्यंत डार्विन तिथेच झोळीत झोपत असे. तो सहा फुटी. झोळी बांधताना पाय मावावेत म्हणून एक खण बाहेर काढून ठेवावा लागे. किटमध्ये केबिन आतून रिकामी आहे. मी छप्पर सुटं ठेवलंय, आत 5 बाय साडेपाच सेंटिमीटरची जागा. टेबल, पुस्तकांचे कप्पे, झोळी (जुन्या मलमलच्या रुमालाची, चहात बुडवून रंगवलेली) आणि बाहेर निघणारा खण. खण 7 मिमीचा आहे. चिमट्याने ओढला की खरंच निघतो. माझ्या विद्यार्थ्यांना हे जहाज दाखवेन तेव्हा तोच आधी काढून दाखवणार आहे.

एक जुनी इच्छाही सांगून टाकते. बीगलच्या तीन वर्षं आधी, 1817 मध्ये, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी सागवानाची एक फ्रिगेट (युद्धनौका) बांधली, ट्रिन्कोमाली. बीगल 1870 मध्ये मोडीत विकलं गेलं. ट्रिन्कोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिचं मॉडेल मला नकाशांवरून, किटशिवाय, सागवानात करायचंय. बाबांनी घर दुरुस्तीतून निघालेल्या जुन्या दाराच्या चौकटी त्यासाठी माळ्यावर ठेवल्याही आहेत. पण आधी बीगल.

पुढच्या पंधरवड्यात 220 ने घासणी, मग भुशाच्या लगद्याने उरलेले दोन खड्डे भरणं, मग पाण्याची रेघ आखणं. रेघेसाठी जहाज आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंनी समपातळीत हवं. बाबांनी जुना स्पिरिट लेव्हल शोधून काढलाय. त्याची काच धुरकटलीय, पण बुडबुडा मध्यावर येतो.