मामांची देवडी

गेल्या रविवारी आमच्या मामांना घेऊन अजिंक्यताऱ्यावर गेले होते. मामा सांगलीकडचे, एका साखर कारखान्याच्या गेटवर २६ वर्षं वॉचमन होते, आता रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी पहाटे चारला उठतात आणि मग घरात कुणालाच झोपू देत नाहीत, म्हणून म्हटलं चला, गड तरी चढू.

गाडीरस्ता पार वर जातो पण आम्ही अदालत वाड्याजवळची पायवाट धरली, ती पुढे डांबरी रस्त्याला मिळते आणि तिथून किलोमीटरभर चाललं की दरवाजा. सातारकरांचा हा रोजचा मॉर्निंग वॉक. कानात इअरफोन, हातात काठी, आणि दरवाज्यातून जाताना कुणी मान वर करून बघेल तर शपथ. मीही कधी बघितलं नव्हतं, खरं सांगते. माझ्यासाठी दरवाजा म्हंजे "हुश्श, पोचलो एकदाचे" म्हणायची जागा.

मामा मात्र थांबलेच. दोन दांडगे बुरुज, त्यांच्यामधे दरवाजा. "चढून दमलेला माणूस हितं येतो आन् दोन्ही बाजूनी वरनं बघणारे," एवढंच म्हणाले आणि आत जाऊन थेट देवडीत बसले.

देवडी म्हणजे दरवाज्याच्या आतल्या बाजूला पहारेकऱ्यांना बसायला केलेली जागा. (देवळी वेगळी बरं का, देवळी म्हणजे दिवा ठेवायचा भिंतीतला कोनाडा. माझा खूप वर्षं घोळ व्हायचा.) आपण गडावर आलो की दरवाज्याचा फोटो काढतो, बुरुजावर उभं राहून सेल्फी काढतो, देवडीत काय बघायचं? बाटली ठेवायची नाहीतर पाऊस आला तर थांबायचं. आणि काही महाभाग तिथंच गुटखा थुंकतात, बदाम काढून नावं कोरतात, त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

मामा पंधरा मिनिटं हलले नाहीत. मला वाटलं दमले. तर म्हणाले, "हितं बस आन् भाईर बघ."

बसले. बाहेर लख्ख ऊन, आत सावली. येणारा प्रत्येक माणूस मला नखशिखांत दिसत होता आणि त्याला मी दिसतच नव्हते, उजेडातून एकदम अंधारात आला की दोन सेकंद डोळे बावचळतात ना, तेवढ्यात आपलं बघून झालेलं असतं. पाठ दगडाला, वारा आरपार, ऊन नाही. "आमची केबिन म्हंजे वर पत्रा आन् तीन बाजूनी काच," मामा म्हणाले, "मी हलवायाच्या दुकानातल्या पेढ्यासारखा. समद्या गावाला मी दिसायचो, मला रातचं काय बी दिसायचं नाय." २६ वर्षांचा राग एका वाक्यात निघाला.

मग मी दिंडी दरवाज्याचं सांगितलं, म्हणजे मोठ्या दरवाज्याच्या फळीतच जो छोटा दरवाजा असतो, एका वेळी एकच माणूस आणि तोही वाकून. मामांना काही समजवावंच लागलं नाही. कारखान्यातही ट्रॅक्टर-ट्रकला मोठं गेट आणि कामगारांना बाजूचं छोटं. "वाकून येणाऱ्याची मान आधी आपल्या ताब्यात येती गं."

तेवढ्यात तीन-चार पोरं हुल्लडबाजी करत वर आली आणि मामा आतून नुसते खाकरले, "कुठलं रं तुम्ही?" आणि खरं सांगते, पोरांनी थांबून गावाचं नाव सांगितलं! एकाने तर कानातलं काढलं. मी हसून हसून मेले. २६ वर्षांचा आवाज आणि बसायला देवडी, मग काय.

वर हिंडताना त्यांना वेढ्याची गोष्ट सांगितली. किल्ला शिलाहार भोजाच्या काळातला, शिवाजी महाराजांकडे आला १६७३ मधे, आणि १६९९ च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब खाली येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी मंगळाईच्या बुरुजाखाली सुरुंग लावले, दुसऱ्या सुरुंगाचा तट तर मोगलांच्याच अंगावर कोसळला आणि त्यांचीच शेकडो माणसं गाडली गेली. तरी एप्रिल १७०० मधे किल्ला द्यावा लागला, कारण आतली रसद संपली. पुढे मराठ्यांनी परत घेतला, १७०८ मधे इथंच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि मग खाली सातारा वसत गेला.

मामा ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे गेटवाल्याची काय चूक नाय." मी म्हटलं नाही. "मग ठीक." वेढ्यातलं त्यांना तेवढंच हवं होतं बहुतेक.

दक्षिणेकडेही दरवाजे आहेत, तिकडं फार कुणी फिरकत नाही, मामांना न्यायचं होतं पण एव्हाना दहा वाजले होते आणि त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. मंगळाईदेवीला नमस्कार केला, समोर यवतेश्वरचं पठार आणि लांबवर सज्जनगड दिसत होता, तो दाखवला आणि सहज बोलून गेले की तिथलेही दोन्ही दरवाजे शाबूत आहेत, एकाला शिवाजी महाराजांचं नाव, दुसऱ्याला समर्थांचं, आणि आजही रात्री नऊला बंद होतात.

मामा चालता चालता थांबले.

"अजून बंद करत्यात? कोण?"

म्हटलं असेल कुणीतरी, गडावरचंच.

"एकटाच का शिफ्ट हाय? आन् नऊनंतर कोण आजारी पडलं तर उघडत्यात का?"

आता मला काय माहीत. पुढच्या रविवारी सज्जनगड ठरलाय, आणि मामांचं म्हणणं आहे की संध्याकाळी जायचं आणि नऊ वाजेपर्यंत थांबायचं.